नुसतं बघायचं बटण

…नाही नाही, तुम्हीच सांगा, बघायला दिलेली वस्तू कुणी बदलून ठेवावी का? म्हणजे बघा, आत्याला मी मोबाईल देतो, म्हणतो आत्या, हा एक फोटो बघ, एकच… आत्या तो बघते, मग बोट फिरवते, पुढचा बघते, मागचा बघते, मधेच कुणाला तरी फोन लागतो, आणि मोबाईल माझ्याकडे परत येतो तेव्हा त्यातली अक्षरं रांजणाएवढी झालेली असतात, आवाज गेलेला असतो, आणि वर आत्या म्हणते, "मी कुठे हात लावला? मी आपलं बघितलं फक्त!" हे मी समजू शकतो. आत्या आहे, तिचं वय झालंय. पण मी स्वतःच्या हातानं लिहिलेला प्रोग्रॅम? त्यानं आत्यासारखं वागावं? अहो, बघायला दिलं होतं… बदलायला नाही!

तुम्हाला सांगतो, मी शाळांची वेळापत्रकं जुळवणारा प्रोग्रॅम लिहितो. कुठल्या वर्गावर कुठल्या तासाला कोण. तुम्ही म्हणाल, ह्यॅ, त्यात काय! करून बघा एकदा! गणिताच्या सरांना पहिला तास नको, चित्रकलेच्या बाईंना शेवटचा नको, खेळाचा तास जेवणानंतर ठेवला की पोरं मैदानात ओकतात, न ठेवावा तर वर्गात झोपतात… माझा प्रोग्रॅम हे सगळं चुटकीसरशी जुळवतो. बढाई मारत नाही हं, आहे ते सांगतो. एवढ्या शाळांत चालतोय, कुणाची काही तक्रार नाही. म्हणजे नव्हती. म्हणजे बायकोच्या शाळेत तो चालू करेपर्यंत नव्हती.

आता बायकोच्या शाळेचं काम घेऊ नये, हे मला कुणी आधी सांगायला नको का? सगळे सल्ले मागाहून! माझी बायको विज्ञान शिकवते. इतकी वर्षं खालचे वर्ग. पाण्याच्या अवस्था किती, पानाचे भाग किती, तेच ते. आणि मनात एकच गोष्ट, आपल्याला दहावी मिळावी. दर वर्षी वाट बघायची, दर वर्षी दुसऱ्याच कुणाला तरी मिळायची. आणि यंदा… मिळाली! त्या दिवशी ती घरात गुणगुणत होती. तुम्हाला सांगतो, ही बाई गुणगुणत नाही. आमच्या लग्नातसुद्धा गुणगुणली नव्हती. जेवणाच्या टेबलावर भिंगं आली, आरसे आले, मेणबत्त्या आल्या, प्रकाशाचा धडा पोरांना हातात भिंग देऊन शिकवायचा म्हणे. मी महिनाभर ताट मांडीवर घेऊन जेवलो. पण बोललो नाही. तिचा चेहराच तसा होता हो, काय बोलणार?

तर त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाईंचा स्वभाव चौकस. म्हणजे साडीच्या दुकानात गेल्या तर अख्खं दुकान उलगडून बघतील आणि "छान आहे हो सगळं" म्हणून रुमाल घेऊन बाहेर पडतील, असा चौकस. मला बोलावून घेतलं. "या जावईबापू, या!" शाळेतल्या प्रत्येक बाईचा नवरा हा त्यांचा जावई. "आम्हाला एक बटण करून द्या. म्हणजे समजा, याचा तास त्याला दिला आणि त्याचा याला दिला, तर किती अडचणी येतील? करायचं नाही हं काही. नुसतं बघायचं!"

म्हटलं, अर्ध्या तासाचं काम! आणि खरंच अर्ध्या तासात केलं. बटणाचं नाव 'नुसतं बघू'. दोन शिक्षकांची नावं टाकायची, बटण दाबायचं, आत एक फंक्शन लिहिलेलं. ते वेळापत्रक घेणार, दोघांची अदलाबदल करणार, किती तास एकमेकांवर आदळतात ते मोजणार आणि आकडा सांगणार. बस्स. सुटसुटीत. सुंदर.

सोमवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यातल्या पडद्यावर वेळापत्रक झळकलं. दहावी, विज्ञान: खेळाचे सर. पहिली, मैदान: माझी बायको.

हसताय? हसा! दहावीच्या वर्गात गळ्यात शिट्टी, काखेत चेंडू घेतलेले खेळाचे सर उभे. बिचारा भला माणूस. त्यांनी चेंडू भिंतीवर मारला, परत आला, म्हणाले, "तर मुलांनो… हे परावर्तन. आता सगळ्यांनी उठून दहा बैठका!" आणि इकडे माझी बायको मैदानात, पिशवीत भिंगं, आणि समोर पहिलीची पोरं, एकाची चप्पल हरवलेली, दुसरं त्याच्या चपलेवरच बसलेलं, तिसरं रडतंय, का तर पहिलं रडतंय म्हणून.

संध्याकाळी घरी आली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. पिशवी टेबलावर ठेवली, एकेक भिंग काढून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायला लागली. म्हटलं, अगं काय झालं? म्हणाली, "काही नाही. मोठ्या बाईंना वाटलं असेल, हिला नाही जमायचं. तोंडावर सांगायचं होतं, एवढंच." आणि डोळ्यांत पाणी. म्हटलं, थांब, मी बघतो!

गेलो तडक शाळेत. मोठ्या बाई म्हणतात, "अहो जावईबापू, मी कशाला बदलेन? मी नुसतं बघितलं! शनिवारी बसले होते, मनात आलं, खेळाच्या सरांनी विज्ञान शिकवलं तर काय होईल? गंमत हो! दाबलं बटण. तर अडचणी: शून्य! म्हटलं वा, आणि घरी गेले."

शून्य! बरोबरच आहे, शून्यच! तास तासावर आदळत नव्हता. सरांना विज्ञान येतं का, हे माझा प्रोग्रॅम विचारत नाही, ते मी त्याला शिकवलेलंच नव्हतं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की बघायला दिलं होतं… बदलायला नाही!

आता जरा नीट ऐका, कारण इथेच सगळे गटांगळ्या खातात. फंक्शन म्हणजे काय, तर आपण कामाला लावलेला माणूस समजा. त्याला वस्तू द्यायची, तो काम करून उत्तर आणणार. पण वस्तू मोठी असली की आपण ती उचलून देत नाही. पत्ता देतो. आमच्यात त्याला रेफरन्स म्हणतात. रंगाऱ्याकडून अंदाज घ्यायचा तर तुम्ही घर उचलून त्याच्या दुकानात नेता का? पत्ता लिहून देता, जा बाबा, बघून ये, किती डबे लागतील सांग. आता हा रंगारी गेला, आणि अंदाज चुकायला नको म्हणून त्यानं तुमची बैठकीची खोली सरळ जांभळी रंगवून काढली, आणि येऊन म्हणाला, "चार डबे!" अंदाज बरोबर आहे का? बरोबर आहे! पण खोली? तुम्ही ओरडता, अरे बघायला पाठवलं होतं! तो म्हणतो, मग पत्ता खऱ्या घराचा कशाला दिलात? घराची प्रत करून तिचा पत्ता द्यायचा!

आता तुम्ही म्हणाल, हे तुम्हाला माहीत नव्हतं? माहीत नव्हतं? अहो, ऑफिसात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे मी शिकवतो! हाच रंगारी, हीच जांभळी खोली! माझ्याकडून चूकबिक काही झालेली नव्हती. एक ओळ लिहायची राहिली, इतकंच.

मी मोठ्या बाईंना म्हटलं, द्या बदलून आता. तर त्या गंभीर झाल्या. "कशी बदलू? अख्ख्या शाळेला वाटतंय की हे संगणकानं ठरवलं. संगणकानं ठरवलं म्हटल्यावर सगळे गप्प आहेत. आता मी हातानं एकट्या तुमच्या बायकोचा तास बदलला, तर म्हणतील, बघा, जावयाचं ऐकलं. ज्या यंत्रानं सांगितलं, त्या यंत्रालाच परत सांगू दे."

ठीक आहे! यंत्र कुणाचं? माझं! मी तिथल्या तिथे दुसरं फंक्शन लिहिलं. वेळापत्रक घे, जुनं होतं तसं नवंकोरं वेळापत्रक तयार कर, आणि याच्या जागी ते ठेव. घरी आलो, छाती काढून बायकोला सांगितलं, "उद्यापासून दहावी तुझी. भिंगं काढ!" तिनं विचारलं, "नक्की?" म्हटलं, "अगं, मी लिहिलंय!"

दुसऱ्या दिवशी ती भिंगांची पिशवी घेऊन दहावीच्या दारात, आणि आतून शिट्टी! खेळाचे सर आतच! पोरांनी बाकं वाजवून स्वागत केलं तिचं. सर म्हणाले, "ताई, पडद्यावर तर माझंच नाव आहे." हिनं वळून पडदा बघितला. त्यांचंच नाव होतं. सगळ्या वर्गासमोर आल्या पावली मैदानात परत जावं लागलं तिला.

तुम्ही विचाराल, असं का झालं? तोच रंगारी! त्याच्या हातात पत्त्याची चिठ्ठी. मी त्याला म्हटलं, नवं घर बांध. बांधलं त्यानं, सुरेख बांधलं, मग आपल्या हातातल्या चिठ्ठीवरचा जुना पत्ता खोडला, नव्या घराचा लिहिला, आणि ती चिठ्ठी खिशात घालून गेला निघून! माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर काय? जुनाच पत्ता! मी आपला जांभळ्या खोलीतच! म्हणजे बघा कसा न्याय आहे… बदलू नको म्हटलं तेव्हा बदललं, आणि बदल म्हटलं तेव्हा आतल्या आत बदलून मोकळा! नवीन पोरं यावर चकतात. मी चकत नाही. मी फक्त त्या दिवशी घाईत होतो.

त्या संध्याकाळपासून घरात अबोला. पोळी वाढायची, तीसुद्धा ताटाकडे बघून. मी काही विचारलं तर भिंतीला उत्तर. आणि तुम्हाला सांगतो, अबोल्याचं दुःख नाही, दुःख याचं की तिनं भिंगं पुन्हा कपाटात ठेवली, आणि या वेळी कपाटाला कुलूप लावलं.

म्हटलं, आता बस्स. आता घाई नाही. आधी गळती बंद करायची, मग टाकी भरायची, हा आपला शिरस्ता. गुरुवारी शाळेत गेलो, प्रोग्रॅम आणि वेळापत्रक दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून घरी आणलं, आणि बसलो. शुक्रवार रजा, शनिवार, रविवार, खुर्चीला खिळलो. पहिल्यांदा प्रत केली, तर ती निघाली वरवरची! म्हणजे घर नवं, भिंती नव्या, पण आतली दारं उघडतात त्याच जुन्या खोल्यांत! रंगाऱ्यानं नव्या घरात जाऊन जांभळा रंग मारला की जुनी खोलीही जांभळी! पण हे मी पकडलं. घरच्या घरी पकडलं! दुसरा कुणी असता तर तसंच शाळेत नेऊन बसवलं असतं. मग पूर्ण प्रत केली, पार आतपर्यंत. आठवड्याची प्रत, त्यातल्या वारांची प्रत, वारातल्या तासांची प्रत. आता बटण शंभरदा दाबा, मूळ वेळापत्रकाच्या केसाला धक्का नाही. नुसतं बघा! आरसा झाला हो आरसा!

सोमवारी शाळा भरायच्या आधी गेलो, शिपायाकडून खोली उघडून घेतली, आणि माझा सगळा संच, प्रोग्रॅम, वेळापत्रक, सगळं जुन्यावर चढवून दिलं. आता मोठ्या बाई आल्या की त्यांना नीट समजावू, आणि त्यांच्याच हातानं दहावी परत करवून घेऊ, एवढंच राहिलं होतं. व्हरांड्यात उभा राहिलो. मनात म्हटलं, आज ती बोलेल.

बोलली! बापरे, बोलली! घंटा व्हायच्या आत शिक्षकांच्या खोलीतून असा गलका उठला, मला वाटलं साप निघाला. गणिताचे सर ओरडतायत, "माझा पहिला तास परत कुणी आणला?" चित्रकलेच्या बाई, "मला पुन्हा शेवटचा?" खेळाचे सर शिट्टी हातात घेऊन खुर्चीत कोसळलेले, "परत दहावी? परत?" आणि माझी बायको दारात, हातात भिंगांची पिशवी. मला बघितलं आणि एकच प्रश्न, "तुम्ही काय केलंत?"

मी अभिमानानं सांगितलं. प्रत. पूर्ण. पार आतपर्यंत. ती खाली बसली. म्हणाली, "अहो, शुक्रवारीच मिळाली होती मला दहावी!"

काय सांगू तुम्हाला! झालं असं होतं, की शुक्रवारी खेळाचे सर हिच्याकडे आले, "ताई, मला वाचवा, मला झोप लागत नाही, आज पोरांनी विचारलं आकाश निळं का, मी म्हटलं दोन फेऱ्या मारा." मग हे दोघं मोठ्या बाईंकडे गेले. हिनं विचारलं, "बाई, सहज बघू का हो, मी दहावीवर असते आणि सर मैदानावर, तर किती अडचणी?" बाई म्हणाल्या, "बघा की! बघायला काय जातं?" हिनं बटण दाबलं. अडचणी: शून्य. शनिवारी पडद्यावर हिचं नाव! संगणकानं ठरवलं, कोण बोलणार? ते बघून गणिताचे सर गेले सहज बघायला. मग चित्रकलेच्या बाई. एकेक करून सगळे आपापलं बघून आले. शनिवारी दुपारी त्या शाळेत, म्हणे, पहिल्यांदा असं झालं की कुणाचं कुणाशी भांडण नाही. शनिवारी हिनं दहावीवर पहिला तास घेतला. पोरांनी हातात भिंग धरलं आणि भिंतीवर उलटी खिडकी बघितली आणि ओरडली म्हणे आनंदानं.

आणि मी? मी गुरुवारची प्रत चढवली! गुरुवारी घर जांभळं होतं हो! पूर्ण प्रत म्हणजे अशीच, केली त्या घटकेला थांबलेली, मागून मुळात काय घडलं त्याचा तिला पत्ता नाही. तंत्र म्हणून बघाल तर निर्दोष. एक दोष दाखवा मला!

हिनं मला दंडाला धरून मोठ्या बाईंच्या संगणकासमोर नेलं, अख्खा स्टाफ मागे. हिनं बटण दाबलं. अडचणी: शून्य. पडदा बघितला. काही बदल नाही. परत दाबलं. नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "बिघडलं वाटतं." मी म्हटलं, "बिघडलं नाही बाई, दुरुस्त झालं! आता ते नुसतं बघतं!" त्या म्हणाल्या, "नुसतं बघून काय करायचंय?" तुम्ही सांगा! ज्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, की बघायला द्या… बदलायला नाही!

मी हिला समजावलं, अगं, हीच रीत शास्त्रशुद्ध आहे. तर म्हणाली, "शास्त्र मला नका शिकवू. ते मी शिकवते. दहावीला. शिकवू द्याल तर." मग आवाज उतरला तिचा. म्हणाली, "पोरं आज मेणबत्त्या घेऊन आलीयत हो."

गेला माझा शुक्रवार, गेला शनिवार, गेला रविवार. बसलो, आणि ती ओळ, ती देखणी ओळ, माझ्या हातानं पुसली. हिनं बटण दाबलं. पडद्यावर दहावीसमोर हिचं नाव आलं, घंटा झाली, आणि ही पिशवी घेऊन पळाली. वळून बघितलंसुद्धा नाही. मागे गणिताचे सर रांगेत उभे, "सरका, मला पण बघायचंय."

आणि एवढ्यावर थांबलं का? छे! मोठ्या बाईंनी ओळखीच्या चार शाळांत सांगितलं, असं बटण आहे, दाबलं की शाळेत शांतता. परवा एका मुख्याध्यापकांचा फोन. म्हणाले, "आम्हाला अगदी तस्सं बटण पाहिजे. पण त्यात काही चूक नाही ना?" म्हटलं, "आहे ना साहेब! चुकीशिवाय आम्ही देतच नाही."